घर घेताना तुम्हाला नक्की काय हवं होतं? (पुणे, मुंबई आणि बाकी सगळीकडचं लिहा)

मुठाकाठ

नमस्कार. गेले अकरा महिने आम्ही पुण्यात घर शोधतोय. मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि सासू-सासरे असे पाच जण सध्या कर्वेनगरात भाड्याच्या टू बीएचकेत राहतो. घरमालकांना त्यांच्या मुलीसाठी जागा हवी आहे, त्यामुळे पुढच्या जूनपर्यंत हलायचं आहे. सगळं धरून ९५ लाखांच्या वर आम्हाला जाता येणार नाही. आजवर एकतीस घरं बघितली. वारजे, धायरी, बावधन, सूस, म्हाळुंगे, एकदा तर पार वाघोलीपर्यंत जाऊन आलो.

प्रत्येक घराची नोंद मी वहीत ठेवते. परवा वही सलग वाचून काढली तेव्हा जाणवलं की मी विचारलेल्या बहुतेक प्रश्नांना साइटवर कुणाकडे उत्तरच नव्हतं. तिथे पाऊण तास मॉडेलवर दिवे लावून क्लबहाऊस दाखवतात, पोहण्याचा तलाव दाखवतात, गच्चीवरची बाग दाखवतात. मी विचारते, पाणी महापालिकेचं येणार की टँकरचं? "मॅडम, ते साहेबांना विचारून सांगतो." कपडे कुठे वाळत घालायचे? एका ठिकाणी सांगितलं की दर्शनी बाजूला दोरी बांधायला मनाई असेल, हल्ली सगळे ड्रायरच घेतात. आमच्याकडे पाच माणसांचे कपडे असतात. जुलैमध्ये पुण्यात पाऊस थांबतही नाही आणि धड पडतही नाही, तेव्हा वारा खेळेल अशी चार बाय सात फुटांची जागा हवी, एवढंच माझं मागणं आहे.

सासऱ्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. बाथरूमचा दरवाजा उघडल्यावर आत वॉकर वळतो का, हे मी आता प्रत्येक घरात करून बघते. एकतीसपैकी सहा घरांत वळला. सासूबाईंचा ओपन किचनला ठाम नकार आहे आणि मला त्यांचं पटतं. रोज दोन वेळा फोडणी होते, त्याचा खाट थेट सोफ्यावर आणि मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर येणार. शिवाय आमच्याकडे गौरी-गणपती असतात. हॉल नऊ फूट रुंद असेल तर गौरी उभ्या केल्यावर पाहुण्यांनी बसायचं कुठे?

आता पैशांचं. जाहिरातीत ८२ लाख लिहिलेलं एक बांधकाम चालू असलेलं घर आम्हाला आवडलं होतं. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख १० हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, ते ५ लाख ७४ हजार. नोंदणी ३० हजार. झाले ९२ लाख १४ हजार. मग पार्किंग, क्लबची वर्गणी, मीटरचा खर्च आणि दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ. एक खिळा ठोकण्याआधीच आमचं बजेट संपलं.

कोविडनंतर लोकांना मोठी घरं हवीशी झाली असं सगळीकडे वाचते. खरंच आहे, घरून काम करणाऱ्याला दार लावून बसता येईल अशी खोली लागतेच. पण त्या मागणीचं बाजाराने जे केलं, त्यात आमच्यासारख्यांना परवडतील अशी घरं कमी होत गेली आणि महागडी वाढत गेली.

तुम्ही घर घेताना काय हवं म्हणून निघाला होतात आणि आता राहून झाल्यावर कुठला प्रश्न आधी विचारायला हवा होता असं वाटतं? मला मनापासून गरज आहे, सविस्तर लिहा.

रेघोटी

मी आर्किटेक्ट आहे, तीस वर्षं पुण्यात घरांचेच नकाशे काढले. तुमचा दोरीचा प्रश्न वाचून वाईट वाटलं, कारण अशा जागा नकाशातून पुसल्या गेल्या तेव्हा मी त्या टेबलावर होतो.

नव्वदच्या दशकातला पुण्यातला टू बीएचके आठवा. हॉलला लागून टेरेस, स्वयंपाकघरामागे कोरडी बाल्कनी, तिथेच भांडी घासायची मोरी. बिल्डर उदार होता म्हणून हे मिळत होतं असं नाही. तेव्हाच्या नियमांत बाल्कनी आणि टेरेस ठरावीक मर्यादेत एफएसआयमधून, म्हणजे प्लॉटवर किती बांधायची मुभा आहे त्या हिशोबातून, सुटायचे, त्यामुळे ते देणं त्याच्या फायद्याचं होतं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके प्रदेश सोडून राज्यभर एकच एकत्रित बांधकाम नियमावली आली. त्यात बाल्कनी, जिना, लिफ्ट सगळंच एफएसआयमध्ये मोजायचं आणि त्या बदल्यात जादा एफएसआय द्यायचा, अशी पद्धत झाली. बाल्कनी फुकटात सुटेनाशी झाल्यावर प्रत्येक चौरस फुटाला भाव चिकटला आणि सगळ्यात आधी कात्री लागली ती कोरड्या बाल्कनीला. घराचा आकार गिऱ्हाइकाच्या गरजेवर ठरतो असं लोकांना वाटतं. माझा अनुभव असा की तो आधी नियमावर ठरतो.

दुसरं क्षेत्रफळाचं, आणि हे नीट समजून घ्या. रेरा हा घरखरेदीचा कायदा येण्याआधी सुपर बिल्टअपवर विक्री चालायची. जिना, लॉबी, लिफ्ट, सगळ्याचा वाटा घराच्या फुटांत मिळवायचा, त्याला लोडिंग म्हणतात, ते तीस-चाळीस टक्के. हजार फुटांचं घर म्हणून पैसे भरलेला माणूस प्रत्यक्षात साडेसहाशे-सातशे फुटांत राहायचा. रेरा कायद्याने कार्पेटची, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या जागेची, व्याख्या पक्की केली आणि ती चांगली आहे. पण तिच्यात दोन गोष्टी आहेत. घरातल्या आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरली जाते, म्हणून टेपने खोल्या मोजल्या तर बेरीज करारातल्या आकड्यापेक्षा कमीच येते. तो सगळा फरक फसवणूक नसतो. दुसरं, बाल्कनी, ड्राय बाल्कनी आणि टेरेस रेरा कार्पेटमध्ये येत नाहीत. म्हणून हल्ली विक्रीवाले "युजेबल कार्पेट" हा नवा शब्द वापरतात, त्यात हे सगळं मिळवलेलं असतं. कायद्यात हा शब्द नाही. दोन घरांची तुलना करताना करारनाम्यातलं रेरा कार्पेट तेवढं समोरासमोर ठेवा.

वॉकर नेऊन बघता हे उत्तम करता. सोबत एक टेप आणि तुमच्या पलंगाची मापं न्या. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग बरेचदा नेहमीपेक्षा आखूड बनवून घेतलेला असतो आणि खोल्यांना दारं लावलेली नसतात. दार उघडल्यावर कपाटाला अडतं का, हे तिथे कळतच नाही.

कल्याण_लोकल

आमच्या गरजा तुमच्याहून साध्या होत्या. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं आणि पहाटे चारला आलेलं का होईना, पण रोज पाणी. मी सीएसएमटीला नोकरी करतो. जाऊन-येऊन तीन तास गाडीत जातात. त्यावर स्टेशनला पोचायला रिक्षाच्या रांगेत अर्धा तास गेला असता तर मुलगी मला फक्त झोपलेली दिसली असती. म्हणून खाडीपलीकडच्या मोठ्या टॉवरमधला टू बीएचके सोडून स्टेशनजवळ जुन्या इमारतीत ४१० फुटांचा वन बीएचके घेतला. पाहुणे नाकं मुरडतात, पण मी रात्री साडेआठला घरात असतो.

मला लिहायचंय ते कर्जाबद्दल. मी २०२१ मध्ये घर घेतलं. मे २०२० पासून रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवर होता आणि गृहकर्ज साडेसहाच्या आसपास मिळत होतं. ५० लाख, २० वर्षं, हप्ता साधारण ३७,३००. तो पेलेल एवढाच हिशोब मी केला होता. मे २०२२ पासून दर चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. माझं कर्ज ९ टक्क्यांवर गेलं. बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली आणि मी महिनोन्‌महिने ते पत्र उघडूनही बघितलं नाही. उघडलं तेव्हा हिशोब मांडला. दोन वर्षं नियमित भरून ४७ लाखांच्या वर मुद्दल बाकी. त्यावर महिन्याचं नुसतं व्याज साडेपस्तीस हजार. म्हणजे ३७,३०० मधले जेमतेम पावणेदोन हजार मुद्दलात जात होते. त्याच हप्त्याने कर्ज फिटायला आणखी चौतीस वर्षं लागली असती. माझं वय तेव्हा सदतीस.

हप्ता वाढवून घेतला, बायकोच्या बोनसमधून मुद्दलही थोडं फेडलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे बँकेने कर्जदाराला विचारायला हवं. २०२५ मध्ये रेपो उतरला, माझा दरही उतरला. पण ताई, तुम्ही बजेट ठरवताना आजच्या दरावर ठरवू नका. अडीच टक्के वर धरून हप्ता काढा आणि तो भरून घर चालतंय का बघा. चालत नसेल तर घर लहान घ्या.

सुरमई

मला काय हवं होतं ते एका ओळीत सांगते. माझ्या स्वयंपाकघरात मासे तळता यावेत. मुंबईत घर शोधताना तीन वेळा एजंटने बजेट विचारायच्या आधी "नॉनव्हेज खाता का" विचारलं. मी मालवणची, हो म्हटलं. तिन्ही वेळा परत फोन आला नाही. ज्या शहरात माझे आजोबा बंदरावर हमाली करायला आले, तिथे पैसे घेऊन उभी असताना हे ऐकावं लागलं. घर मिळालं शेवटी, भांडुपला, आणि चांगलं मिळालं. पण ते तीन फोन अजून आठवतात.

सनद

नाशिकला वकिली करते, मालमत्तेचे व्यवहार हेच काम. वरच्या प्रतिसादांत कागदांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

बांधकाम चालू असलेलं घर घेणार असाल तर महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प उघडा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, तो स्कॅन केला तरी चालतं. तिथे पूर्ण व्हायची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख दोन्ही दिसतात. किती घरं विकली गेली, जमिनीवर दावा चालू आहे का, बोजा आहे का, हेही दिसतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हे पान पैसे भरून झाल्यावर पहिल्यांदा पाहिलेलं असतं. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला कायद्याने मनाई आहे. "ऑफर रविवारपर्यंतच आहे, वीस टक्के भरून ठेवा" असं कुणी म्हणालं तर उठून या.

पार्किंगसाठी स्वतंत्र बोलणं करा. उघड्यावरचं पार्किंग विकताच येत नाही, ती सगळ्यांची सामाईक जागा. झाकलेलं विकता येतं, पण २०२४ मध्ये महारेराने सांगितलं की त्याची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारनाम्याच्या जोडपत्रात लिहायची. खांबामुळे गाडीचं दार उघडत नाही, दुसऱ्याच्या गाडीमागे अडकतं, अशा तक्रारी एवढ्या आल्या की हे करावं लागलं. ते जोडपत्र मागून घ्या आणि जाऊन मोजा.

जुनं, म्हणजे रीसेलचं घर घेणार असाल तर जीएसटी नाही, हा मोठा फायदा. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगी असल्याचा दाखला, आहे ना, ते बघा. सूची दोन (नोंदणीचा उतारा) आणि आधीच्या सगळ्या करारांची साखळी बघा. सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) विकणाऱ्याच्या नावावर आहे का बघा. आणि बहुतेक लोक विचारत नाहीत तो प्रश्न म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? अभिहस्तांतरण झालेलं नसेल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर अजून मूळ मालक किंवा बिल्डरच असतो. पुढे पुनर्विकासाची वेळ येईल तेव्हा तोच दारात उभा राहतो. २००८ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डर सही करत नसला तरी जमीन नावावर करून घेण्यासाठी, अर्ज करता येतो, पण त्यात वेळ आणि पैसा सोसायटीचाच जातो. हस्तांतरणाचं अधिमूल्य सोसायटी २५ हजारांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. "देणगी" म्हणून लाख मागितले तर नियम दाखवा.

ताई, घर फक्त तुमच्या किंवा सासूबाईंच्या नावावर, म्हणजे फक्त महिलांच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पुरुषाचं नाव जोडलं की ती जाते. ८२ लाखांवर ८२ हजार वाचतात. नवरा सहकर्जदार राहू शकतो का, हे बँकेला आधी विचारा, प्रत्येक बँकेचे नियम वेगळे.

हिवाळी_पहाट

न्यू जर्सीत राहते. आईबाबांसाठी पुण्यात घर घेतलं तेव्हा फोटो बघून निर्णय केला आणि लिफ्ट अर्ध्या मजल्यावर थांबते, पुढे सहा पायऱ्या आहेत, हे बाबा राहायला गेल्यावर कळलं. दूर असलेल्यांनी कुणातरी आपल्या माणसाला गेटपासून पलंगापर्यंत सलग व्हिडिओ काढायला सांगावा, मध्ये कट न करता. सनद यांनी लिहिलंय त्यात एक भर: विकणारा अनिवासी असेल तर ५० लाखांवरच्या घराला लागणारी १ टक्का करकपात तिथे लागू होत नाही, खूप जास्त दराने कापावी लागते आणि ती जबाबदारी घेणाऱ्याची असते. सीएला आधी विचारा.

कृष्णामाई

सांगलीहून. इकडे अजूनही लोकांना जमीन लागते. दोन गुंठे असोत, पण पायाखाली आपली माती हवी, पुढे अंगण, मागे शेवगा. फ्लॅटला "खुराडं" म्हणणारे माझे वडील बहात्तरव्या वर्षी फ्लॅटमध्ये गेले, तिसऱ्या मजल्यावर, आणि तोही आग्रहाने मागून. कारण २००५ चा पूर बघितला, २०१९ चा बघितला, २०२१ चा बघितला. २०१९ ला आमच्या बैठ्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. आईच्या लग्नातली भांडी सापडली, फोटो गेले.

म्हणून इथे गिऱ्हाईक आता आधी विचारतं, "पाणी कुठवर आलं होतं?" शेजारच्या भिंतीवरची खूण बघतं. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर नदीच्या दोन पूररेषा असतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्लॉट कुठल्या रेषेच्या आत आहे हे विचारायला लोकांना तीन पूर लागले. पुणेकरांनीही विचारावं. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुराने केलं तेही विसरू नका. ताई, तुम्ही धायरीकडे बघताय म्हणून मुद्दाम लिहिलं. ओढ्याच्या कडेचं घर पावसाळ्यात जाऊन बघा, शक्यतो जोराच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी.

आणि प्लॉट घेणाऱ्यांनी गुंठेवारीचं, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या जमिनीचं, नीट बघावं. तुकडा स्वस्त मिळतो, पण नियमित झालेला नसेल तर बांधकाम परवानगीही नाही आणि कर्जही नाही.

मुठाकाठ

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. कल्याण_लोकल, तुमचा चौतीस वर्षांचा हिशोब नवऱ्याला वाचून दाखवला, तो बराच वेळ काही बोलला नाही. आमचं बजेट ९५ वरून ८८ वर आणलं. कृष्णामाई, धायरीची दोन घरं यादीतून काढली, एक ओढ्याच्या अगदी भिंतीला होतं. पाण्याबद्दल कुणी लिहील का? विशेषतः महापालिकेत नव्याने आलेल्या गावांमधलं.

पूर्वरंग

लिहितो. वाघोलीत सात वर्षं आहे. आमच्या सोसायटीत टँकर हा मेंटेनन्समधला सगळ्यात मोठा खर्च आहे. उन्हाळ्यात दिवसाला दहा-बारा लागतात. परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र देतो की महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी पुरवेन. ताबा झाला, सोसायटी स्थापन झाली, की ते हमीपत्र कुणी वाचत नाही. आमच्या समितीने ते माहिती अधिकारात मिळवलं आणि बिल्डरशी पत्रव्यवहार चालू आहे. घर घेण्याआधी त्याची प्रत मागायला हवी होती हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

२०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. कर महापालिकेचा सुरू झाला, नळ मागे राहिला. आणि पाणी असणं म्हणजे शुद्ध पाणी असणं नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुलियन बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले तेव्हा बोट पाण्याकडेच गेलं. आमच्या टाकीत टँकरवाला कुठल्या विहिरीचं पाणी ओततो हे आम्हालाही त्यानंतरच विचारावंसं वाटलं. आता दर पंधरा दिवसांनी तपासणी करून अहवाल फलकावर लावतो.

पिंपरी-चिंचवडला स्वस्त मिळतंय म्हणून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, नोव्हेंबर २०१९ पासून तिथे दिवसाआड पाणी आहे.

ताई, प्रश्न असा विचारा: मागच्या मे महिन्याचं टँकरचं बिल दाखवा. सोसायटीचा खजिनदार ते लपवत नाही, उलट ऐकणारा मिळाला म्हणून सगळी फाईल काढून बसतो. आणि शक्यतो सकाळी सातला जा, नळ सोडून बघा.

तिसरा_मजला

मी पार्ल्यात राहतो, वय अडुसष्ट. आमची इमारत १९७४ ची, तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. मी घर विकत घेणारा नाही, पण घर पुन्हा मिळवणारा आहे, तेव्हा मलाही काय हवं हे ठरवावं लागलं.

चार वर्षं पुनर्विकासाच्या बैठका चालल्या. बिल्डर येत, पस्तीस टक्के जादा कार्पेट, चाळीस टक्के जादा, असे आकडे फळ्यावर लिहून जात. तरुण सभासदांचा भर त्या आकड्यावर. एका बैठकीत आमच्या तळमजल्यावरच्या वहिनी उठल्या. त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन आहे, बाकी काही नाही. त्या म्हणाल्या, "मला जादा खोली नको. मला एवढंच सांगा, नव्या इमारतीचा महिन्याचा मेंटेनन्स किती येईल आणि तो मी कशातून भरू?" त्या दिवशी फळ्यासमोरच्या बिल्डरकडे उत्तर नव्हतं. आज आम्ही महिना अठराशे भरतो. दोन लिफ्ट, पंप, यांत्रिक पार्किंग, सुरक्षारक्षक आले की तो कुठल्या कुठे जातो. तोपर्यंत आम्ही कॉर्पसकडे, म्हणजे बिल्डर जी एकरकमी रक्कम देतो तिच्याकडे, हातात पडणारे पैसे म्हणून बघत होतो. वहिनींच्या प्रश्नानंतर ती मेंटेनन्सच्या व्याजासाठी बाजूला ठेवायची रक्कम झाली.

शेवटी आम्ही स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीनेच इमारत नव्याने बांधायचा, ठराव केला. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली, सभेचं चित्रीकरण करून, उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर. स्वतःचा आर्किटेक्ट, स्वतःचा प्रकल्प सल्लागार. जोखीम आमच्यावर आहे हे सगळ्यांना लिहून दिलंय आणि तिच्या काळजीने झोप उडते हेही खरं. पण नकाशावर आम्ही बसलो तेव्हा पोहण्याचा तलाव कुणीच मागितला नाही. मागणी आली ती अशी: प्रत्येक लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावलं पाहिजे, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणावं लागलं होतं. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. तळमजल्यावर एक खोली, जिथे गणपती बसेल आणि एरवी पोरं अभ्यास करतील. आणि शेजार शक्यतो तोच ठेवायचा. मजल्यांचं वाटप करताना समोरासमोरच्या बिऱ्हाडांनी एकत्र चिठ्ठी टाकली.

रेघोटी, तुम्ही म्हणता घराचा आकार आधी नियमावर ठरतो. आमच्या नकाशालाही नियम लागलेच. पण कुठे काय सोडायचं हे आम्ही ठरवलं, आणि हॉल दोन फूट कमी करून प्रत्येक घराला मागची गॅलरी ठेवली.

रेघोटी

तिसरा_मजला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी इतकी वर्षं ज्यांच्यासाठी नकाशे काढले, त्यांतल्या फार थोड्यांना भेटलो होतो. भेट व्हायची ती बिल्डरशी. स्ट्रेचरची लिफ्ट मला कुणी मागितली नाही, कारण ती मागणारा माणूस खोलीतच नसायचा. गॅलरीसाठी हॉल कमी केलात हे अगदी योग्य केलंत. शक्य असलं तर मागच्या गॅलरीला पाण्याचा एक जास्तीचा नळ आणि उतार आत्ताच दाखवून ठेवा, नंतर फोडाफोडी होते.

मुठाकाठ

काल एक रीसेलचं घर बघितलं, वारज्यात, २००९ ची इमारत, दुसरा मजला, टू बीएचके, ७६ लाख सांगतायत. पूर्वरंग यांनी सांगितलं तसं सकाळी सातला गेलो. विकणारे काका चहा करत होते, त्यांनीच सगळे नळ सोडून दाखवले. मे महिन्याचं बिल मागितलं, तीन टँकर लागले होते, तेही पाइपलाइन फुटली त्या आठवड्यात.

सासऱ्यांनी फरशा मोजल्या. दोन बाय दोनची फरशी म्हणतात, पण ती ६०० मिलिमीटरची असते, दोन फुटांना जरा कमी. ते पूर्वी ओव्हरसियर होते, त्यामुळे तेवढा फरक धरून त्यांनी हिशोब केला. आतून ६०८ चौरस फूट आलं. करारात बिल्टअप लिहिलंय, कार्पेटचा आकडाच नाही. त्या काळचा करार असल्यामुळे असेल. सनद, यात काळजी करण्यासारखं काही असेल तर कळवा.

वॉकर एका बाथरूममध्ये वळतो, दुसऱ्यात नाही. क्लबहाऊस नाही, तलाव नाही. स्वयंपाकघराला दार आहे. मागे साडेतीन बाय आठची गॅलरी आहे, पूर्वेकडे तोंड करून, आणि तिथे चार दोऱ्यांवर काकूंच्या साड्या वाळत होत्या. सासूबाई तिथेच उभ्या राहिल्या. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "पार्किंग बघितलंस का?" बघितलं होतं. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांच्या मजल्यावर, आहे, खांब डाव्या बाजूला आहे, आमची गाडी बसेल पण चालकाच्या बाजूनेच उतरावं लागेल.

जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. सचिव म्हणाले मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज केला आहे, सुनावणी बाकी आहे. अर्जाची पोच आणि मालमत्ता पत्रकाची प्रत मागितली आहे, रविवारी द्यायचं कबूल केलंय. मिळाली की इथे लिहीन.

सनद

बिल्टअपचं काळजी करू नका, २००९ चे बरेच करार तसेच आहेत. मंजूर नकाशाची प्रत महापालिकेतून काढा आणि सासऱ्यांचा आकडा त्याच्याशी जुळवा. पोच मिळाली की तारीख आणि अर्ज क्रमांक बघून सांगते कुठवर आलंय ते. तोवर टोकन देऊ नका.